एकटीची लढाई: कटिंग टेबलावर आउअरश्टेट

एकट्यानं टेबलावर लढाई खेळायची म्हटली की पहिला सवाल समोरच्याचा येतो. खुर्ची रिकामी, मग त्याच्या चाली कोण खेळणार? बहुतेक जण सांगतात, दोन्हीकडून आपणच खेळायचं. मी तसं खेळत नाही, तुम्हीही खेळू नका. दोन्ही बाजूंचे बेत एकाच डोक्यात असले की धाक उरत नाही, आणि धाक नसेल तर ती लढाई कसली? आपली बाजू एकच घ्यायची. दुसरी पत्ते आणि फाशांच्या हवाली करायची. त्यासाठी लढाई मात्र पारखून घ्यावी लागते. शत्रूच्या छावणीतच गोंधळ होता, हुकूम वेळेवर पोचत नव्हते, राखीव फौज हातावर हात ठेवून उभी होती, अशी लढाई निवडा. मग फाशानं काही वेडंवाकडं केलं, तरी ते इतिहासाला धरूनच असतं.

नेपोलियनच्या काळातली अशी लढाई म्हणजे १४ ऑक्टोबर १८०६ ची आउअरश्टेट. त्याच दिवशी नेपोलियन स्वतः येनाला लढत होता आणि प्रशिया या जर्मन राज्याची मुख्य फौज आपल्याच समोर आहे अशी त्याची समजूत होती. मुख्य फौज खरं तर उत्तरेला होती आणि ती जाऊन आदळली फ्रेंच मार्शल दावूच्या एकट्या तिसऱ्या कोअरवर, म्हणजे तीन डिव्हिजन्सच्या फौजेवर. दावूकडे २६-२७ हजार माणसं, समोर त्याच्या दुपटीच्या आसपास. दाट धुकं. दावूची डिव्हिजन्सही एकदम नाही, एकामागून एक मैदानात आली: आधी गुदाँ, मग फ्रियाँ, शेवटी मोराँ. दुपारपर्यंत प्रशियाची फौज मागे फिरली होती. वॉटर्लू सगळ्यांना माहीत असते म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. पण तिथे दोन्ही बाजूंचे सेनापती शेवटपर्यंत हुकूम सोडत होते, त्यामुळे एकट्यासाठी ती अवघड जाते. तुम्ही आउअरश्टेटपासून सुरुवात करा आणि दावू व्हा.

माझं इंदुरात लोकमान्य नगरात शिवणकाम आहे. रात्री साडेनऊनंतर कटिंग टेबल रिकामं होतं, त्याच्यावर चार फूट बाय चार फुटांची जागा पुरते. टेबल नसेल तर जमिनीवर सतरंजी टाका, पण गुडघ्यांचा विचार करा, बैठक दोन-तीन तासांची असते. मैदानासाठी एम. टी. क्लॉथ मार्केटमधून हिरव्या-मातकट रंगाचं जाडसर कापड आणलं. नवं घ्यायची गरज नाही, ठाणाचा शेवटचा तुकडा स्वस्तात मिळतो. रस्ते आणि नाला शिंप्याच्या खडूनं काढायचे, खेळ झाला की ब्रशनं झटकले की जातात. चढ हवा तिथे कापडाखाली अस्तराच्या चिंध्या सारायच्या.

माप असं धरा: एक इंच म्हणजे शंभर मीटर, एक फेरी म्हणजे अर्धा तास. पूर्वेच्या कडेपासून १४ इंचांवर हासेनहाउसेन हे गाव ठेवा, चार काडेपेट्या पुरतात. सगळा झगडा याच गावासाठी आहे. गावातून पूर्व-पश्चिम रस्ता काढा. पूर्वेच्या कडेबाहेर ‘झाले’ नावाच्या नदीवरचं क्योझेन हे गाव आहे, तिथून चढ चढून तुमची माणसं येणार. गावाच्या पश्चिमेला १८ इंचांवर नाला आणि पॉपेल हे खेडं. शत्रू तिथून निघतो. नाल्यापलीकडे उरलेल्या जागेत त्यांची राखीव फौज.

सैनिकांसाठी शिशाच्या बाहुल्या हव्यातच असं नाही. माझ्या पलटणी बक्रमच्या, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाच्या आहेत. दीड इंच लांब, पाऊण इंच रुंद पट्टी कापायची, वर खजुरी बाजारातून आणलेला कार्डशीट चिकटवायचा आणि त्यावर रेजिमेंटचा आकडा लिहायचा. फ्रेंच रेजिमेंटला अशा दोन पट्ट्या द्या, कारण दावूच्या रेजिमेंटमध्ये दोन-दोन बटालियन होत्या. या जोडीचा मोठा फायदा आहे. पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या की रांग, एकामागे एक ठेवल्या की स्तंभ, काटकोनात ठेवल्या की चौकोन (घोडदळ आलं की पायदळ असं चारी बाजूंना तोंड करून उभं राहतं). वेगळी खूण लावावी लागत नाही, लांबून बघूनही कळतं कोण कशात उभं आहे. प्रशियाच्या तुकड्याही अशाच जोडीनं करा. एक अडचण येते: फ्रेंच पायदळाचा कोट निळा आणि प्रशियाचाही गडद निळाच. रंग देत बसाल तर दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतील. म्हणून मी फ्रेंच पट्ट्यांच्या कडेला पांढरा दोरा ओवला आहे आणि प्रशियाच्या कडेला काळा.

फ्रेंचांकडे गुदाँची चार रेजिमेंट्स: १२, २१, २५, ८५. फ्रियाँची चार: ३३, ४८, १०८, १११. मोराँची पाच: १३ वी हलकी, मग १७, ३०, ५१, ६१. प्रत्येक डिव्हिजनला एक तोफखाना, आणि सगळ्यांत मिळून हलक्या घोडदळाची एक तुकडी. प्रशियाकडे श्मेटाउ, वार्टेन्सलेबेन आणि ऑरेंजचा राजपुत्र यांच्या तीन डिव्हिजन्स, प्रत्येकी पाच पायदळ तुकड्या आणि दोन तोफखाने. ब्लूखरचं घोडदळ पाच तुकड्या. मागे काल्क्रॉइटची राखीव फौज, आठ तुकड्या. पायदळाच्या प्रत्येक तुकडीवर चार बटणं, घोडदळावर तीन, तोफखान्यावर दोन. शर्टाची जुनी बटणं वापरा, टिकल्या नकोत, पंख्यानं उडतात. मार बसला की बटण उचलायचं, बटणं संपली की तुकडी उचलायची.

चालीचं अंतर इंची टेपनं मोजा. रांगेत ४ इंच, स्तंभात ८, घोडदळ १२, घोड्यांना जोडलेल्या तोफा ८. चौकोन हलत नाही. अर्ध्या तासात माणूस याहून जास्त चालतो हे खरं, पण नांगरलेल्या शेतात, धुक्यात, रांग सरळ करत-करत जाणारी फौज अशीच सरकते.

आता पत्ते. हा खेळाचा जीव आहे. एका कॅटमधून ही पानं काढा: बदामचा एक्का गुदाँ, दुर्री फ्रियाँ, तिर्री मोराँ, बदामचा राजा दावू. इस्पिकचा एक्का श्मेटाउ, दुर्री वार्टेन्सलेबेन, तिर्री ऑरेंज, गुलाम ब्लूखर, राणी काल्क्रॉइट, राजा ब्रुन्सविकचा ड्यूक, म्हणजे त्यांचा सरसेनापती. वर दोन जोकर. जो मैदानात आला नाही त्याचं पान बाजूला ठेवा. प्रत्येक फेरीला पिसा आणि एकेक पान उलटा. ज्याचं पान त्याची चाल. दुसरा जोकर निघाला की फेरी तिथेच संपली, उरलेल्यांना चाल नाही. सगळे मैदानात असताना दहापैकी सरासरी सहा-सात पानं निघतात. म्हणजे तुमची एखादी डिव्हिजन हाक मारूनही हलणार नाही, आणि कधी हलणार नाही हे आधी कळणार नाही. हलक्या घोडदळाची तुकडी कोणत्याही एका फ्रेंच पानावर हलवा.

पहिल्या फेरीत टेबलावर फक्त गुदाँ, ब्लूखर आणि श्मेटाउ. काल्क्रॉइट आणि ड्यूक मागे. फ्रियाँसाठी दुसऱ्या फेरीपासून फासा टाका, ४ किंवा जास्त पडला की तो पूर्वेच्या कडेवर आला. मोराँसाठी तेच, पण पाचव्या फेरीपासून. वार्टेन्सलेबेन तिसरीपासून, ऑरेंज पाचवीपासून, हेही चारवर. प्रशियाची डिव्हिजन आली की ती कुठून येते ते फाशावर ठरवा: १-२ गावाच्या उत्तरेनं, ३-४ रस्त्यानं, ५-६ दक्षिणेनं. हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या सकाळी गुदाँला समोर काय आहे हे दिसत नव्हतं, तुम्हालाही दिसता कामा नये. धुकं असेपर्यंत नजर ४ इंच, त्यापलीकडे तोफ डागायची नाही. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला फासा टाका, ५ किंवा ६ पडला की धुकं विरलं.

शत्रूचं डोकं असं चालवा. श्मेटाउ, वार्टेन्सलेबेन किंवा ऑरेंजचं पान निघालं की एक फासा. २ किंवा कमी: डिव्हिजन थांबते, रांगा नीट करते, तोफा डागते. ३ किंवा ४: रांगेत गावाकडे चार इंच सरकते. ५ किंवा जास्त: स्तंभात आठ इंच येऊन जवळच्या फ्रेंच तुकडीवर हल्ला. डिव्हिजनची अर्धी बटणं गेली की ती पुन्हा हल्ला करत नाही, पाच पडला तरी जागेवर थांबते आणि दोन किंवा कमी पडला तर मागे सरते. ब्लूखर वेगळा. त्याचा गुलाम निघाला आणि फाशावर १ सोडून काहीही पडलं, की जवळच्या फ्रेंच पायदळावर धाड. तो त्या दिवशी धुक्यातून असाच पुन्हापुन्हा तुटून पडला, पायदळाची वाट न बघता.

ड्यूकचा राजा निघाला की त्याला गावाच्या सर्वांत जवळच्या डिव्हिजनपाशी ठेवा. ती डिव्हिजन लगेच आणखी एक फासा टाकते, एक मिळवून. मात्र ती फ्रेंचांपासून तीन इंचांच्या आत असेल तर ड्यूकसाठीही फासा टाका: १ पडला तर गोळी लागली, पाचव्या फेरीपासून १ किंवा २. ब्रुन्सविकला हासेनहाउसेनपाशी खरोखरच डोळ्यांवर गोळी लागली आणि त्या जखमेनं तो नोव्हेंबरात गेला. त्याच्या जागी कोणाला नेमलंच गेलं नाही. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा मैदानात हजर होता, तरी नाही. म्हणून ड्यूक पडला की त्याचं पान कॅटमधून काढून टाका आणि तिथून पुढे प्रशियाच्या प्रत्येक डिव्हिजनच्या फाशातून एक वजा करा. काल्क्रॉइटची राणी निघाली तर दोन फासे: बेरीज ११ किंवा १२ आली तरच तो हलायला लागतो, ड्यूक पडल्यावर फक्त १२. त्याच्या आठ ताज्या तुकड्या तुमच्यासमोर उभ्या असतात, आणि राणी उलटली की दरवेळी छातीत धस्स होतं. मी हा नियम कधीच सैल करत नाही.

याच फ्रेडरिक विल्यम राजाला १८१२ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन माणसानं टेबलावरचा युद्धखेळ सादर केला आणि १८२४ मध्ये त्याच्या मुलानं सुधारलेले नियम तिथल्या अधिकाऱ्यांच्या हाती आले. फासे त्यातही होते. टेबलावरच्या लढाईला पोरखेळ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

भिडण्याचा हिशेब सोपा ठेवा. दोघांनी एकेक फासा, मग बेरीज-वजाबाकी. गावात असलेल्याला २ जास्त. शेजारी आपली तुकडी असेल तर १ जास्त. स्तंभातून चालून आल्यास १ जास्त. अर्धी बटणं गेली असतील तर १ कमी, बगलेवर मार आला तर २ कमी. घोडदळासमोर चौकोनाला ३ जास्त, चौकोनात नसलेल्या पायदळाला २ कमी. पायदळासमोर चौकोनाला १ कमी. फरक एक-दोनचा असेल तर हरणाऱ्याचं एक बटण, तीन किंवा जास्त असेल तर एक बटण आणि चार इंच मागे. बरोबरी झाली तर दोघांचं एकेक. बंदुकीचा वेगळा हिशेब नको: त्या काळची बंदूक शंभर मीटरपलीकडे भरवशाची नव्हती, म्हणजे एका इंचात आली तुकडी की भिडलीच समजा. तोफेचा गोळा ९ इंचांपर्यंत, ५ किंवा ६ वर एक बटण. तीन इंचांच्या आत छर्रे, तिथे ४ पुरतो. निशाण्यावर स्तंभ किंवा चौकोन असेल तर फाशात एक मिळवा, कारण माणसं दाटीनं उभी असतात.

घोडदळ, चौकोन आणि तोफ यांचा तिढा माझ्या टेबलावरच्या एका डावातून बघा. तिसरी फेरी, धुकं तसंच. २५ वी रेजिमेंट गावाच्या उत्तरेला रांगेत. इस्पिकचा गुलाम उलटला, फासा ४, ब्लूखरच्या दोन तुकड्या धावून आल्या. घोडदळ येताना रांगेतल्या पायदळाला चौकोन करायला एक फासा मिळतो, ४ किंवा जास्त हवा. नेमका ४ पडला, दोन पट्ट्या काटकोनात वळवल्या. पहिल्या तुकडीचा फासा ५, २५ वीचा ३ अधिक ३, सहा. एकानं वाचले, घोडदळाचं एक बटण गेलं. दुसरीचा २, यांचा ६ अधिक ३, नऊ. ती तुकडी बटण गमावून चार इंच मागे. इथवर छान. पण लगेच एक जोकर आणि त्याच्यामागे दुसरा. गुदाँचं पान आतच राहिलं, २५ वी चौकोनातच अडकली. चौथ्या फेरीचं पहिलं पान इस्पिकचा एक्का: श्मेटाउ. त्याचा फासा २, डिव्हिजन थांबली, पण तिच्या दोन्ही तोफा तीन इंचांवर पोचलेल्या. चौकोन, म्हणून एक मिळवायचं. ३ आणि ५ पडले, दोन्ही लागले, दोन बटणं गेली. मग गुदाँचं पान आलं तेव्हा प्रश्न उभा राहिला: रांग करावी तर ब्लूखर आठ इंचांवर टपलेला, चौकोनात राहावं तर छर्रे. मी २५ वीला चौकोनातच ठेवलं आणि ८५ वीला गावाबाहेर काढून तिच्या शेजारी उभं केलं. गाव उघडं पडण्याची जोखीम होती, पण फ्रियाँ रस्त्यावर दिसत होता.

अशा जागी मन आपल्याला हवं ते बघायला लागतं, म्हणून वही ठेवा. फेरी सुरू करण्याआधी, पत्ते पिसण्याच्याही आधी, प्रत्येक डिव्हिजनसाठी एक हुकूम लिहा: धरून ठेव, पुढे सर, हल्ला, माघार. चारच. पान निघालं की लिहिलेलंच करायचं. २५ वी आणि ८५ वी दोघी 'धरून ठेव'च्या आतच हलल्या होत्या, ते चालतं. चालू फेरीत हुकूम बदलायचा असेल तर बदामचा राजा निघायला हवा आणि दावू त्या डिव्हिजनपासून बारा इंचांत हवा. दावूचं पान त्याऐवजी एखाद्या डिव्हिजनला दुसरी चाल देण्यासाठीही वापरता येतं, दोन्हीपैकी एकच. तो कुठे उभा राहतो याला म्हणून किंमत येते. मी त्याला गावामागे ठेवते. मोराँ आल्यावर दक्षिणेला नेते. फ्रियाँ उत्तरेला, मोराँ दक्षिणेला, ही दावूची मांडणी होती आणि टेबलावरही तीच कामाला येते, कारण दोन्ही बगला पुढे सरकल्या की मधल्या प्रशियन तुकड्यांना २ कमीचा मार बसायला लागतो.

बारा फेऱ्या खेळा. शेवटी गाव तुमच्याकडे आणि प्रशियाच्या दोन डिव्हिजन्सची अर्धी बटणं गेलेली, तर जिंकलात. फक्त गाव राखलं तर बरोबरी. जिंकूनही गुदाँची निम्मी बटणं नसतील तर नवल मानू नका, त्या दिवशी त्याच्याच डिव्हिजननं सर्वांत जास्त माणसं गमावली. दावूचे एकूण सात हजारांच्या आसपास जखमी-मृत झाले.

बेर्नादॉत या दुसऱ्या फ्रेंच मार्शलचं काय, असं विचाराल. त्याची कोअर जवळच होती आणि तो मदतीला आला नाही. पहिल्या काही डावांत त्याला टेबलावर आणूच नका. पुढे आठव्या फेरीपासून दोन फाशांवर १२ ची मुभा देऊन बघा, पण मला तो न येणंच योग्य वाटतं. दावूनं त्याच्याशिवाय जिंकली, तुम्हीही तशीच जिंकायला हवी.

हे हातात बसलं की आपल्या घरची लढाई मांडा: महिदपूर, २१ डिसेंबर १८१७. वॉटर्लूला अडीच वर्षं झाली होती, हत्यारं आणि कवायत त्याच जातीची. क्षिप्रेचं पात्र टेबलाच्या मध्यातून, त्यावर एक उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, पलीकडे होळकरांच्या तोफा. इथे तुम्ही होळकरांचा तोफखाना घ्या. इंग्रजांच्या बाजूला गोंधळ नव्हता: हिस्लॉप आणि माल्कम उतार ओलांडून थेट तोफांवर चालून आले. म्हणून त्यांना फासाच नको, प्रत्येक पानाला सरळ तोफांकडे आठ इंच. अकरा वर्षांचे मल्हारराव, फुटलेला दरबार, गोंधळ होता तो आपल्या छावणीत. गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत टिकले, घोडदळ टिकलं नाही. म्हणून फाशाचा तक्ता इथे तुमच्याच घोडदळाला लावा: पान निघालं की १-२ ला मैदान सोडतं, ३-४ ला जागेवर उभं राहतं, ५-६ लाच हुकूम ऐकतं. तोफखान्याला मात्र दोनऐवजी चार बटणं द्या आणि माघारीचा फासा कधीच टाकू नका.